कुलूप जबलपुरात, किल्ली शहपुऱ्यात

वाळ्यांची डबी काढायला पर्समध्ये हात घातला आणि हाताला किल्ली लागली. बाहेर काढून बघायची गरजच नव्हती. पर्सच्या तळाशी, रुमाल आणि कालच्या बसच्या तिकिटाच्या मध्ये, तिचं प्लास्टिकचं जाड डोकं बोटांना लागलं. समोर पाळणा होता. पाळण्याला झेंडूची माळ, वर टांगलेलं रंगीत चिमण्यांचं चिमणाळं, आत माझ्या भावाची, तनयची, मुलगी दोन्ही मुठी घट्ट वळून झोपलेली. भोवती शहपुऱ्यातल्या शेजारणी आणि चिन्मयीच्या, म्हणजे माझ्या भावजयीच्या, माहेरच्या बायका. मी मुलीची एकुलती एक आत्या, म्हणून तिच्या कानात नाव मी सांगायचं होतं. सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या आणि मीही बहुधा हसत होते, कारण हसू चेहऱ्यावर आधीच लावून ठेवलेलं होतं, ते काढायला वेळ मिळाला नव्हता. पण आतून मी तिथे नव्हते. मी जबलपुरात, कारखान्याच्या मोजणी विभागाबाहेरच्या बोळात, भिंतीवरच्या विजेच्या मोठ्या लाल खटक्यासमोर उभी होते. त्या खटक्याला माझं कुलूप होतं. कुलपाखाली एक टॅग लटकत होता, त्याच्यावर माझा फोटो होता आणि फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'ख़तरा। मत चलाओ। मैं काम पर हूँ।' कसलं काम पर हूँ! मी तर पैठणी नेसून शहपुऱ्यात, तनयच्या घरी, उभी होते, केसांत गजरा माळून.

आमचं यंत्र मोजणारं आहे. सीएमएम म्हणतात त्याला. जेवणाच्या पंगतीएवढं लांब काळं दगडी टेबल, त्यावरून मागेपुढे सरकणारा पूल, पुलातून खाली उतरणारी उभी भुजा आणि भुजेच्या टोकाला माणकाचा एवढासा मणी. तो मणी सुट्या भागाला जिथे जिथे शिवतो तिथलं माप घेतो, केसाच्या जाडीला लाजवेल इतकं बारीक. पूल जड आहे, पण तो दगडावर टेकत नाही. खालून दाबाने हवा सोडतात आणि तो हवेच्या पापुद्र्यावर तरंगतो. नवीन लागले तेव्हा मी त्याला एका बोटाने ढकलून बघितलं होतं आणि एवढं मोठं धूड माझ्या करंगळीसारख्या बोटाचं ऐकतं म्हणून मला दिवसभर हसू येत होतं. आजही येतं. खोली बारा महिने गार असते. जबलपूर मे महिन्यात भाजून निघतं तेव्हा मी आत स्वेटर घालून बसते आणि बाहेर आले की चौकीदार मला आपादमस्तक न्याहाळतो. असं हे शहाणं, गार, मितभाषी यंत्र. त्यामुळे त्याला कुलूप लावायचं म्हटलं की लोक हसतात. अनिमेष, माझा सहकारी, पहिल्या आठवड्यात म्हणाला होता, "दीदी, ये तो सिर्फ़ नापती है। काटती थोड़ी है।" तो आपलाच, तीन पिढ्या जबलपुरात काढलेल्या मराठी घरातला. मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदीच येते. मी त्याला सांगितलं, बाबा रे, पूल आपणहून चालतो, मध्ये कुणाचं डोकं आहे ते बघत नाही. आतली हवा निघून गेली की भुजा आपल्या वजनाने खाली येते. खटका बंद केला तरी बॅटरी काही वेळ जीव धरून असते. म्हणून आधी वीज तोडायची, मग बॅटरी, मग हवा बंद करून आत साठलेली सोडून द्यायची, भुजेखाली ठोकळा ठेवायचा, खटक्याला आपलं कुलूप आणि आपला टॅग, आणि शेवटी चालू करायचं बटण दाबून बघायचं, खरंच मेलंय ना. ज्याचे ज्याचे हात आत जाणार त्याने त्याने आपलं कुलूप लावायचं. त्यासाठी खटक्याला एक लोखंडी पंजा असतो, पुष्कळ भोकांचा. ज्याचं कुलूप, ते त्याच्याच हाताने निघणार. किल्ली अंगावर ठेवायची, दुसरी किल्ली नसते. माझी दुसरी होती, ती मी सगळ्यांच्या देखत पक्कडीने वाकवून मोडली होती. अनिमेषने तेव्हा जांभई दिली होती, हे मला चांगलं आठवतं.

आणि काय केलं मी? काल नागपूरहून सर्व्हिसवाला आला, यंत्र उघडलं, हवेचा दाब सांभाळणारा एक भाग गेलेला निघाला, नवीन भाग आज सकाळच्या गाडीने येणार होता. संध्याकाळी घरी जाताना नियम असा की आधी अनिमेषने आपलं कुलूप लावायचं, मग मी माझं काढायचं, म्हणजे यंत्र एक क्षणही बिनकुलपाचं राहत नाही. तेवढ्यात तनयचा फोन. "ताई, चिन्मयीच्या घरचे येऊन पोचले, तू कुठे आहेस?" मी म्हटलं निघालेच, आणि खरोखर निघालेच. यंत्रावर कापडी झाकण ओढलं आणि निघाले. किल्ली अंगावर ठेवायचा नियम मात्र इतका मन लावून पाळला की ती गळ्यातून पर्समध्ये आणि पर्समधून थेट शहपुऱ्यात आली.

मी पदराआड फोन धरून अनिमेषला लावला. घंटा वाजत राहिली. मोजणीच्या खोलीत फोन न्यायचे नाहीत, बाहेरच्या कपाटात ठेवायचे, हाही माझाच नियम. परत लावला. परत घंटा. आज यंत्र चालू करून त्याची मापं तपासणं, म्हणजे कॅलिब्रेशन, व्हायलाच हवं होतं, कारण सर्व्हिसवाला संध्याकाळच्या गाडीने परतणार आणि उद्यापासून नव्या मालाची तपासणी. काम खोळंबणार, बोलणी बसणार, ते ठीक. बोलणी मी पचवू शकते, शाळेपासून सराव आहे. मला धास्ती वेगळीच होती. साहेब कुलूप कापायला सांगणार आणि अनिमेष कापणार. कट करून एक आवाज, झालं. मग इतकी वर्षं मी जे सांगत आले ते सगळं म्हणजे एका बाईची हौस होती, लोणच्याच्या बरणीला फडकं बांधावं तसली. त्याने कापू नये असं मला वाटत होतं. त्याने कापलं नाही तर सगळा दोष माझ्यावर येणार होता आणि तरी मला तेच हवं होतं. "ताई, वाळे सापडले का?" चिन्मयीने विचारलं. मी डबी दिली. वाळे घालताना मुलगी जराशी कुरकुरली, एक पाय झाडला आणि पुन्हा झोपली. तिला कसली घाई नव्हती.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले होते. माझा चेहरा वाचायला त्यांना चष्मा लागत नाही. "मेघे, काहून एवढी घाबरून राहिली?" मी जवळ जाऊन मूठ उघडून किल्ली दाखवली. माझ्या कारखान्यात काय काय चालतं ते सगळं त्यांना रोज रात्री जेवताना ऐकावं लागतं, त्यामुळे जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी किल्ली उचलून डोळ्यांजवळ नेली आणि एकदम खुदकन हसले. "अच्छा! म्हणजे मास्तरीणबाईच नापास." उजव्या हाताच्या तीन बोटांत त्यांनी ती धरली होती. मधली दोन बोटं पेरापासून नाहीत. लहानपणी जबलपुरातल्या दीक्षितपुऱ्यात आम्ही राहायचो तेव्हा बाबा गच्चीवर खेळणाऱ्या आम्हा भावंडांना दोन्ही हात वर करून ओरडायचे, दहा मिनिटांत खाली या! आणि तनय ओरडून विचारायचा, तुमचे दहा की खरे दहा? घरात अजून बाबांचे दहा म्हणजे आठ. मिलीमीटरचा हजारावा भाग मोजणाऱ्या बाईच्या घरी हा हिशेब चालतो.

फोन थरथरला. पटैरियाजी, आमचे मॅनेजर. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना थांबता येत नाही. लिफ्ट यायच्या आधी बटण चार वेळा दाबतात. "मैडम, बधाई हो, सुना भतीजी हुई है। वो आपका ताला लटका है।" मी म्हटलं, "हो सर, चूक माझीच आहे, किल्ली माझ्याजवळ राहिली." ते म्हणाले, "अरे कोई बात नहीं। आप फोन पे हाँ बोल दो, हम काट देते हैं। कटर मँगा लिया है।" नियमात ती वाट आहे. ज्याचं कुलूप तो आवारात नाही याची खात्री करायची, त्याच्याशी बोलायचं, आत कुणी नाही ते बघायचं, वरिष्ठांच्या समोर कापायचं. मी हो म्हटलं असतं तर सगळं रीतसर झालं असतं. जीभ हो म्हणायला वळलीसुद्धा होती. मी म्हटलं, "सर, सुनिए, भुजा के नीचे लकड़ी का गुटका है, झाकण के अंदर, दिखेगा नहीं। पहले वो निकालना पड़ेगा। और अनिमेष अंदर हाथ डालके काम कर रहा होगा, उसको बाहर बुलाइए, फिर..." पलीकडून आवाज आला, "हओ, हओ।"

जबलपुरात ज्याने दिवस काढलेत त्याला 'हओ' सांगायला नको. भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, सून सासूला म्हणते. गोड शब्द आहे, मलाही आवडतो. पण घाईतल्या माणसाचा 'हओ' म्हणजे तुम्ही बोलायचं थांबा, एवढाच असतो. तो कानाने नाही, नुसत्या तोंडाने म्हटलेला असतो. आणि हे मी ऐकलेलं होतं, म्हणजे मी नव्हतं ऐकलं, बाबांनी ऐकलं होतं, पण त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की आता ते माझ्याच कानात आहे. ते तरुण होते, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या, शहरातल्या एका खासगी प्रेस शॉपमध्ये कामाला होते, ते शॉप आता नाहीही. प्रेसमध्ये पत्रा अडकला. खटका खांबाच्या मागे होता. बाबांनी बंद केला आणि आत हात घालून ओरडले, अभी चालू मत करना, हाथ अंदर है। खांबामागून आवाज आला, हओ, हओ। तो माणूस वाईट नव्हता. पुढे आमच्या घरी यायचा, दर राखीला आईसाठी खोव्याची जिलेबी आणायचा, बाबांच्या हाताकडे बघायचा नाही. बाबाच त्याला उलट हसवायचे, म्हणायचे, अरे दोनच गेली, अंगठा शाबूत आहे, सही करता येते. बाबा ही गोष्ट सांगतात तेव्हा सगळे हसतात. मीही हसते. पण मी त्या खांबाला विसरत नाही. आमच्या कारखान्यातही खटका बाहेर बोळात आहे आणि यंत्र आत. मध्ये भिंत आहे.

"सर, काटना मत," मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण दोनचार बायका वळल्या. "मैं आ रही हूँ।" पटैरियाजी म्हणाले, "मैडम, शहपुरा से? आज मटर का बाज़ार है, जाम मिलेगा।" मी म्हटलं, मिळू दे. फोन ठेवला आणि बाबांकडे बघितलं. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि वरून माझी मूठ त्यांच्या त्या अपुऱ्या हाताने बंद केली. "आधी नाव ठेव," म्हणाले. "तेही तुझ्याबिगर कोणी नाही करू शकत."

तेही खरं होतं. इतकं खरं की मला पाळण्याजवळ जाताना बरं वाटायला लागलं. जगात काही कामं अशी असतात की ती ज्याची त्यानेच करायची, आणि त्यातली दोन आज एकाच बाईच्या नावाने निघाली होती. बायकांनी गोपाळ घ्या, गोविंद घ्या करत मुलीला पाळण्याच्या वरून खालून फिरवलं, पाळणा हलू लागला, कुणीतरी गाणं धरलं. मी वाकले. तिच्या कानाला दुधाचा आणि वेखंडाचा वास येत होता. कान इतका लहान की नाव आत मावेल की नाही असं वाटावं. "प्रणोती," मी म्हटलं. "प्रणोती, प्रणोती." नाव चिन्मयीने शोधलेलं. आणि मग मला काय वाटलं कोण जाणे, मी अगदी हळू, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हटलं, कुणी सांगत असलं की नीट ऐकायचं हं, बाई. तेवढ्यात पाठीवर धपाटे पडायला लागले. आत्याने नाव घेतलं की तिच्या पाठीत बुक्के घालायचे, ही आपली रीत. शहपुऱ्याच्या बायका शेतातल्या कामाच्या, हात असे की पाठीचा कणा आपली जागा सोडतो की काय. मी एका हाताने पाळणा धरला होता, दुसऱ्या हातात किल्ली आवळली होती, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं ते सांगता येणार नाही. मला खूप आनंद झाला होता आणि मी भयंकर घाबरले होते.

न जेवता जाते म्हटल्यावर चिन्मयी रडकुंडीला आली. शेवटी घुगऱ्यांचा मोठा डबा माझ्या हातात कोंबण्यावर तह झाला. तनयने मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं. पैठणीचा काठ चाकात जाऊ नये म्हणून मी तो गोळा करून मांडीवर धरला होता आणि तनय सारखा म्हणत होता, "ताई, तू पण ना! एक ताला. काटने दे ना यार." मी म्हटलं, "बाबांना विचार." त्याने गाडीचा वेग वाढवला. बस मिळाली, पण बस कसली, मटारचं गोदाम. टपावर पोती, वाटेत पोती, पोत्यांवर माणसं. पटैरियाजी बरोबर होते. बाजाराबाहेर हिरव्यागार ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि बस त्या रांगेत उभी राहून नुसती धुमसत होती. शेजारच्या बाईने ओंजळभर शेंगा माझ्या मांडीवर टाकल्या. मी सोलून खायला लागले. कोवळे, गोड दाणे. एकेका शेंगेबरोबर मी मनात अनिमेषला उभा करत होते. पहिल्या शेंगेत तो कटर हातात घेत होता. दुसरीत तो नाही म्हणत होता. तिसरीत पटैरियाजी स्वतःच कापत होते आणि अनिमेष आपलं कुलूप न लावताच आत, झाकणाखाली, पाइपचा नट फिरवत होता. ती शेंग कडू लागली. मी परत फोन लावला. घंटा, घंटा, घंटा. कपाटाच्या पत्र्यावर त्याचा फोन थरथरत सरकत असेल आणि शेवटी कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याला जाऊन टेकला असेल. मला तो डबासुद्धा दिसत होता.

मग बस सुटली. भेडाघाटकडे वळणारा फाटा मागे पडला, थंडीतलं कोवळं ऊन काचेतून मांडीवर आलं, मांडीवर पैठणी, पैठणीवर मटारची सालं. मला उगीचच वाटलं की त्या टॅगवरची मी अजून तिथे उभी आहे. तो फोटो जुना, नोकरी लागली तेव्हाचा. दोन वेण्या, डोळे वटारलेले. कॅन्टीनमधल्या बायका म्हणतात, खतरा लिहायची गरज नव्हती, फोटो पुरे होता. ती वटारलेली पोरगी बोळात भिंतीला पाठ लावून उभी आहे आणि सांगतेय, मी कामावर आहे. आणि मी इथे मटार खातेय. दोघींपैकी खरी कोण? तिला माझ्याबद्दल काही माहीत नाही. आई जाणार आहे, बाबा आपल्याकडे अधारतालला राहायला येणार आहेत, आपण एक दिवस त्या गार खोलीच्या प्रमुख होणार आहोत आणि मग एका बारशाच्या गडबडीत तिला तिथेच सोडून येणार आहोत, काही माहीत नाही. तरी ती उभी आहे. मला तिची माया आली. थांब गं, आलेच, असं मी मनात म्हटलं, आणि शेजारची बाई म्हणाली, "काय दीदी, अकेले में हँस रही हो?"

शहरात शिरल्यावर बस पुन्हा अडकली. दमोह नाक्याच्या बस स्टँडपर्यंत बसून राहायचा धीर मला नव्हता. मी मध्येच उतरले, ऑटो केली, अधारतालच्या मुख्य रस्त्यावरची दुकानं मागे टाकत कारखान्याच्या फाटकाशी आले. चौकीदाराने मे महिन्यातल्या स्वेटरकडे बघतो त्याहून जास्त वेळ पैठणीकडे बघितलं. मी आवारातून जवळजवळ धावत गेले, डब्यातल्या घुगऱ्या खुळखुळत होत्या, गजरा सुटून खांद्यावर आला होता. बोळाच्या तोंडाशी मात्र पाय थांबले. वळण घेतलं की खटका दिसणार होता. मी तिथे भिंतीला हात लावून उभी राहिले. मोजणाऱ्या बाईला मोजायचीच भीती वाटली असेल तर ती त्या क्षणी. मग वळले.

कुलूप होतं. लाल, अख्खं, माझं. वटारलेल्या डोळ्यांची पोरगी जागेवर होती. आणि तिच्या शेजारी, पंजाच्या पुढच्या भोकात, आणखी एक कुलूप होतं, आणखी एक टॅग, आणि त्यावर फेटा बांधलेला, कपाळाला टिळा लावलेला, तोंडभर हसणारा अनिमेष. पासपोर्ट फोटो आण म्हटल्यावर त्याने आपल्या लग्नातला कापून आणला होता, यावरून मी त्याला किती बोलले होते. 'ख़तरा। मत चलाओ। मैं काम पर हूँ।' आम्ही दोघे तिथे शेजारी शेजारी लटकत होतो, एक रागावलेली आणि एक नवरदेव. मी इतक्या जोराने हसले की आतून सर्व्हिसवाला डोकावला.

पटैरियाजी स्टुलावर बसले होते. मांडीवर कटर. "आ गईं? देखिए मैडम, आपका वो अनिमेष। सुबह से अपना ताला लगाके अंदर घुसा बैठा था। मैं बोला दीदी का काट देते हैं, हम बात कर लिए। बोला, उन्होंने हाँ बोला क्या? मैं बोला, नहीं बोला। तो बोला, उनका काटोगे तो मेरा भी काटना पड़ेगा, और मेरा काटोगे तो मैं अंदर हूँ, हाथ गुटके के पास है। अब बताइए!" ते चिडलेले होते, पण त्यांच्या चिडण्यात कुठेतरी एक अभिमानाची बारीक किनार होती, किंवा मला तसं दिसावंसं वाटलं. जांभई देणारा तो अनिमेष! मी किल्ली लावली, माझं कुलूप काढलं, टॅग काढला, दोन वेण्यांच्या पोरीला पर्समध्ये घातलं. मग अनिमेषच्या कुलपाकडे बघून म्हटलं, "बोलवा त्याला. काम झालं ना आतलं?" सर्व्हिसवाला म्हणाला, "कधीचं. नवीन भाग बसला, ठोकळाही काढून ठेवलाय." "मग अनिमेष कुठे?" पटैरियाजी छताकडे बघू लागले. "आपको लेने गया है। मोटरसाइकिल लेके। दमोह नाका, बस स्टैंड।"

मी कपाट उघडलं. त्याचा फोन तिथेच होता, डब्याला टेकून. माझे सगळे चुकलेले फोन त्यात ओळीने बसलेले. "आणि किल्ली?" मी विचारलं. सर्व्हिसवाल्याने आपल्या गळ्याशी बोट नेलं. गळ्यात. अंगावर. मी शिकवलं तशी.

पटैरियाजी उठले. कटर दोन्ही हातांत धरून ते माझ्याजवळ आले, आवाज एकदम मऊ झाला. "मैडम, अब तो आप खुद खड़ी हैं। लड़का बाहर है, अंदर कोई नहीं, मैं खुद देख आया, इनसे भी पूछ लिया। नया ताला कल ला देंगे। बस आप हाँ बोल दो।" सर्व्हिसवाल्याने घड्याळाकडे बघितलं. त्याची गाडी होती, माझी उद्याची तपासणी होती, आणि या वेळी खरोखर आत कुणी नव्हतं. मी त्या फेट्यातल्या फोटोकडे बघितलं. तो माझ्याशी फोनवरसुद्धा बोलला नव्हता, तरी माझ्यासाठी थांबला होता. "नाही सर," मी म्हटलं. "थांबू या." आणि पैठणी सावरून त्यांच्याच स्टुलावर बसले, कारण पाय दुखत होते आणि दुसरं स्टूल नव्हतं.

मग आम्ही घुगऱ्या खाल्ल्या. त्यावर लिंबू पिळलेलं होतं, खोबरं होतं. पटैरियाजी आधी नको म्हणाले आणि मग त्यांनीच डबा पुढे ओढला. "चना बढ़िया है। नाम क्या रखा?" मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा उच्चारून बघितलं आणि या वेळी नीट ऐकून म्हणाले, "हओ, अच्छा है।" एवढ्यात माझा फोन वाजला, अनोळखी नंबर. मागे हॉर्न, कंडक्टरांची ओरड, आणि त्यातून अनिमेषचा आवाज. "दीदी, पानवाले के फोन से बोल रहा हूँ। आप कौन सी बस में हो? मैं हर बस में झाँक रहा हूँ, लोग गाली दे रहे हैं।" मी म्हटलं, "अनिमेष, मी कारखान्यात आहे. माझं कुलूप निघालं." "अरे वा!" तो म्हणाला. "तो चालू करो ना, किसका रास्ता देख रहे हो?" बोलता बोलता त्याचा हात गळ्याकडे गेला असणार. "अरे बाप रे," तो म्हणाला आणि फोन कटला.

तो आला तेव्हा धापा टाकत होता, केस उभे, शर्टाच्या आतून दोरीला बांधलेली किल्ली बाहेर ओढत ओढत बोळातून धावत. "सॉरी दीदी, सॉरी सर, मैं तो..." तो खटक्याशी पोचायच्या आत मी उठले आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग दुसरा. तो थांबून माझ्याकडे बघतच राहिला. "ये काहे को?" मी नुसती हसत होते आणि डोळे पुसत होते. पटैरियाजींना ही रीत माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांनी कटर बगलेत धरून, काय असेल ते असो म्हणून, आपलाही एक घातला. "बारशाचे आहेत," मी शेवटी म्हटलं. "सकाळी मला पडले. तुझे राहिले होते." अनिमेषला कळलं की नाही कोण जाणे, पण तो लाजला आणि मग फोटोतल्यासारखाच तोंडभर हसला. मग त्याने पाठ चोळत किल्ली लावली आणि आपलं कुलूप आपल्या हाताने उघडलं.